मदत हवी आहे: व्हिडिओ पोकरमध्ये सलग हरताना डोकं शांत कसं ठेवायचं?

मंडळी, मी कोल्हापूरचा. कामानिमित्त पणजीला आलो की व्हिडिओ पोकर (मशीनवर खेळायचा पाच पानांचा पत्त्यांचा जुगार) खेळतो, तेही अभ्यास करून. जॅक्स ऑर बेटर या प्रकारात (किमान गुलामांची जोडी आली की पैसे मिळतात) फुल हाउसला (तीन सारखी आणि दोन सारखी पानं) लावलेल्या रकमेच्या 9 पट आणि फ्लशला (पाचही पानं एकाच चिन्हाची) 6 पट देणाऱ्या मशीनवर अगदी अचूक खेळलं तरी परतावा 99.54 टक्केच. रॉयल फ्लश (एकाच चिन्हाचे दहा, गुलाम, राणी, राजा, एक्का; सगळ्यात मोठं बक्षीस) सरासरी 40 हजार डावांत एखादा. तोवर पैसे झिजणारच. गणित पाठ आहे हो! पण बदामाची चार पानं धरून पाचवं सारखं भलतंच येत राहिलं की छाती धडधडते, पाय जास्त किमतीच्या मशीनकडे वळतात. उसने पैसे लावत नाही, तेवढं पक्कं. जाणकारांनो, अशा वेळी तुम्ही कधी उठता? रक्कम ठरवून की वेळ ठरवून? आणि घरी बायकोला काय सांगता?