मदत हवी आहे: वेबऑब्जेक्ट्समध्ये बॅक बटण दाबल्यावर भरलेला अर्ज नाहीसा होतो

धागाकर्ता: आमची नोंदणीप्रणाली वेबऑब्जेक्ट्सवर, म्हणजे वेब प्रणाली बांधण्याच्या जुन्या सॉफ्टवेअर चौकटीवर चालते. गेल्या आठवड्यापासून अर्ज भरताना बॅक बटण दाबले, की आपण फार मागे गेला आहात अशा अर्थाचे पान येते आणि भरलेली माहिती नाहीशी होते. सर्व्हर पुन्हा सुरू करूनही फरक पडलेला नाही. कृपया उपाय लवकर सांगावा.

जावाकर: आवृत्ती कोणती? ब्राउझरमधल्या पत्त्यात ‘डब्ल्यूओ’ येते की ‘डब्ल्यूए’? पहिले येत असल्यास ती कंपोनंट अ‍ॅक्शन आहे, म्हणजे मागचे पान सर्व्हर त्या वापरकर्त्याच्या सेशनच्या (चालू भेटीच्या) कॅशमधून, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातून काढतो आणि तिथे मुळात ३० पानेच राहतात.

नवीबांधणी: अ‍ॅपलने २०१६ मध्येच हे बंद असल्याचे स्पष्ट केले आहे. टॅपेस्ट्री या जावाच्या चौकटीमध्ये नव्याने लिहा. तिच्यावर याच कंपोनंट पद्धतीचा प्रभाव असल्याने शिकायला जड जाणार नाही.

विदागार: असहमत. पडद्यावरची पाने पुन्हा लिहिता येतील, पण वेबऑब्जेक्ट्सला डेटाबेसशी जोडणाऱ्या एंटरप्राइझ ऑब्जेक्ट्स फ्रेमवर्कचे काय? संबंधित नोंद हात लावेपर्यंत डेटाबेसमधून न आणण्याची त्याची रीत इतकी पक्की होती, की अ‍ॅपलच्या कोअर डेटा या माहिती साठवण्याच्या चौकटीमध्ये ती आजही दिसते. त्या थरात मुरलेले नियम उपसून काढणे हेच खरे काम आहे.

जुनेपान: पुढे अ‍ॅपलमध्ये विलीन झालेल्या नेक्स्ट कंपनीने १९९६ मध्ये वेबऑब्जेक्ट्स बाजारात आणले. पुढे ५०,००० डॉलरचा परवाना २००० मध्ये ६९९ डॉलरवर आला. आयट्यून्स स्टोअरही यावरच उभे राहिले.

जावाकर: मूळ प्रश्नाकडे येऊ. गेल्या आठवड्यात नेमके काय बदलले?

धागाकर्ता: आवृत्ती ५.४.३, पत्त्यात ‘डब्ल्यूओ’. अर्जाशेजारची यादी दर काही सेकंदांनी आपोआप ताजी होईल अशी सोय केली, पण तिचा अर्जाशी संबंध नाही.

नवीबांधणी: मग कॅशची मर्यादा वाढवा, प्रश्न मिटेल.

जावाकर: मिटणार नाही, लांबेल, आणि प्रत्येक सेशनमागे मेमरीही अडकेल. ती यादी कंपोनंट अ‍ॅक्शनने ताजी होत असेल, तर प्रत्येक वेळी कॅशमध्ये एक पान जमा होते आणि वापरकर्ता अर्ज भरत असतानाच त्याचे जुने पान बाहेर ढकलले जाते. यादी सर्वांना सारखीच दिसत असेल, तर ती सेशनला न शिवणाऱ्या डायरेक्ट अ‍ॅक्शनकडे वळवा. वापरकर्त्यागणिक वेगळी असेल, तर प्रोजेक्ट वंडर या वेबऑब्जेक्ट्सच्या पूरक संचामधील अजॅक्सची, म्हणजे पूर्ण पान न बदलता त्याचा भाग ताजा करण्याची सोय वापरा, कारण पार्श्वभूमीतील विनंत्यांनी मुख्य पानांची जागा खाऊ नये याची काळजी तिथे घेतलेली आहे.