उत्तर: शनिवारचा कार्यक्रम – 'साडी छान दिसतेय' म्हणायचं की नाही?

नमस्कार मंडळी,

शनिवारी आपल्या मंडळात नाट्यवाचनाच्या आधी 'कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ कसा ओळखावा' असा तासाभराचा कार्यक्रम घातलेला दिसतो. विषयाला विरोध नाही. पण मी पस्तीस वर्षं नोकरी केली, निम्मी ठाण्याला, निम्मी इथे न्यू जर्सीत. हात लावला तर तो छळ, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याला तास कशाला? आणि 'साडी छान दिसतेय' म्हणणंही आता गुन्ह्यात धरणार असाल तर आधीच सांगा, आम्ही म्हातारे वड्यांच्या टेबलापाशी थांबतो.

– वि. ग.

---

काका, वडे तासानंतरच मिळतील, तेव्हा बसावं लागणार!

'साडी छान दिसतेय' हे तुम्ही चारचौघांत एकदा म्हणालात तर कोणी तक्रार करणार नाही. तेच रोज लिफ्टमध्ये, नजर वरपासून खालपर्यंत फिरवत, आणि तिने विषय बदलला तरी पुन्हा, असं झालं की गोष्ट वेगळी.

पुण्यात मी एका कंपनीच्या, अशा छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर होते. (समितीतलं बाहेर सांगायचं नसतं, म्हणून तपशील बदलून लिहितेय.) हात लावल्याच्या तक्रारी त्यातल्या त्यात कमी. मग कसल्या? रात्री साडेअकराला साहेबाचा मेसेज, 'झोपलीस का?' स्क्रीन शेअर करताना 'चुकून' उघडलेला फोटो. नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बाईला दर शुक्रवारी, 'मग वीकेंडला एकटीच?' टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नॉनव्हेज जोक आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. त्यात बायकांचेही. त्यातलीच एक माझ्यासमोर बसून रडली. मग हसलीस का, विचारलं. म्हणाली, "न हसणारी मी एकटीच दिसले असते."

भारताच्या २०१३च्या कायद्यात लैंगिक छळाचे पाच प्रकार आहेत. स्पर्श आणि लगट, शरीरसुखाची मागणी, लैंगिक शेरेबाजी, अश्लील चित्रं दाखवणं, आणि पाचवा, बोलून वा न बोलता केलेलं कुठलंही नकोसं लैंगिक वर्तन. शेंबड्या पोराला कळतो तो पहिला. आमच्याकडची भांडणं बहुतेक पाचव्यावरची.

इथे अमेरिकेत १९८६ साली मिशेल विन्सनचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. नोकरी जाईल या भीतीने ती बँकेतल्या वरिष्ठाला नाही म्हणू शकली नव्हती. न्यायालयाने सांगितलं, ती तयार झाली का ते बघू नका, तिला ते नकोसं होतं का ते बघा. "तेव्हा तर हसून घेतलं होतं" म्हणणाऱ्यांना मी हेच ऐकवते.

– मा. दे.

---

ताई, सगळीकडे 'ती'च का?

माझी इथली पहिली नोकरी. क्लायंटकडे टीम सगळी पुरुषांची, लीड आपलाच मराठी. खुर्चीमागे येऊन खांदे दाबायचा, लग्न का जमत नाही यावर घाणेरडं बोलायचा, एकदा टॉयलेटमध्ये मागे येऊन 'बघू तरी' म्हणाला. बाकीचे खिदळायचे. मी कॉलेजातल्या रॅगिंगसारखं समजून गप्प. याला छळ म्हणतात हे पुढच्या कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये कळलं.

– ओं.

---

चूक माझी. भारतातला तो कायदा बाईचीच तक्रार घेतो, आणि मी अजून त्याच सवयीने बोलते. इथे तसं नाही. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलाच्या रिगवर ओंकाले नावाच्या कामगाराला बरोबरच्या पुरुषांनीच छळलं होतं. १९९८ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं, हाही लैंगिक छळ ठरू शकतो. शनिवारी तू बोलशील का? नाही म्हणालास तरी चालेल.

– मा. दे.

---

(कार्यकारिणीमार्फत, नाव न देता)

माझा मॅनेजर 'नाहीतर' असं कधीच म्हणाला नाही. ग्रीन कार्डच्या फाइलचं विचारलं की म्हणतो, "डिनरला ये, निवांत बोलू." दोनदा टाळलं. नंतर माझं रेटिंग खाली आलं. एच-१बी व्हिसा आहे, नोकरी गेली तर दुसरी शोधायला हातात साठ दिवस. मुलगी तिसरीत. हे कशात बसतं, की मीच फार विचार करतेय?

---

तू फार विचार करत नाहीयेस. फायदा हातात धरून केलेली मागणी म्हणजे छळाचा सगळ्यात जुना प्रकार. 'नाहीतर' तोंडाने म्हणावं लागत नाही. व्हिसा कुठलाही असो, संरक्षण आहे, आणि तक्रार केली म्हणून सूड उगवणं हेही वेगळं बेकायदा धरतात. मुदत मात्र सांभाळ. न्यू जर्सीत ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणारी केंद्र सरकारची संस्था) ३०० दिवस, राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८०च. तारखा घरच्या वहीत लिही, ऑफिसच्या लॅपटॉपवर नको. एचआरशी बोलायच्या आधी नोकरीचे खटले चालवणारा वकील गाठ. एचआर कंपनीचं असतं.

– मा. दे.

---

मा. देताई,

कालपासून एक आठवतंय. ठाण्याच्या आमच्या ऑफिसात एक टायपिस्ट बाई होत्या. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की दार उघडं ठेवून आत जायच्या. साहेब 'दार लावा' म्हणाले तरी नाही. आम्ही बाहेर त्यांना 'दारवाल्या बाई' म्हणायचो. चहाच्या वेळी नक्कलही करायचो. हे ८४-८५चं. त्या काळी याला काही नाव होतं का हो?

– वि. ग.

---

आपल्याकडे नव्हतं, काका. कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ म्हणजे काय हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं तो विशाखा खटल्याचा निकाल आला १९९७ मध्ये.

– मा. दे.