स्मार्ट मीटर आणि बिनतारी संदेशवहन: पीएच.डी.साठी नेमका प्रश्न कोणता घ्यावा?

रेडिओलहरी

नमस्कार. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार विभागात शिकवतो आणि पीएच.डी.च्या नोंदणीसाठी संशोधन आराखडा तयार करत आहे. क्षेत्र ठरले आहे: बिनतारी संदेशवहन आणि स्मार्ट ऊर्जा प्रणाली. अडचण त्यापुढे आहे. या क्षेत्रातल्या बऱ्याच शोधनिबंधांत प्रस्तावनेपुरता स्मार्ट ग्रिडचा उल्लेख येतो आणि नंतरची सगळी चर्चा थ्रूपुट (सेकंदाला किती माहिती पोहोचते) आणि बॅटरीचे आयुष्य यांभोवतीच फिरते. वीज नावापुरती उरते. मीटरला दर १५ किंवा ३० मिनिटांच्या नोंदींचे मोजके बाइट पाठवायचे असतील, तर त्यासाठी नवे संशोधन हवेच कशाला, असे आमच्या विद्युत विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले. त्यांचा आक्षेप मला गंभीर वाटतो. ज्यात रेडिओ माध्यमाची आणि वीजजाळ्याची, अशी दोन्हींची गुंतागुंत खरोखर आड येते, असा एखादा प्रश्न जाणकारांनी सुचवावा. आमच्याकडे सिम्युलेशनची सोय आहे. महागडी उपकरणे नाहीत.

निवृत्त_अभियंता_वितरण

आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे रास्त आहे. बिलासाठीचे वाचन तासभर उशिरा आले तरी कोणाचे अडत नाही, म्हणून तेथे विलंब कमी करण्यात आयुष्य घालवणे मला व्यर्थ वाटते. दुसऱ्या टोकाला उपकेंद्रातील संरक्षण यंत्रणा आहे. आयईसी ६१८५० या उपकेंद्रातील संदेशवहनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ब्रेकर उघडण्याचा संदेश सुमारे ३ मिलिसेकंदांत पोहोचावा लागतो आणि ते काम ऑप्टिकल फायबर चोख करते. तुम्हा मंडळींची जागा या दोहोंच्या मधली: जेथे खबर काही सेकंदांत हवी असते, खबर देणारी ठिकाणे हजारोंनी असतात आणि प्रत्येकापर्यंत फायबर नेणे परवडत नाही.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे वीज गेल्याची खबर. रोहित्राचा फ्यूज उडाला की नियंत्रण कक्षाला ते अनेकदा ग्राहकाच्या फोनवरूनच कळते. स्मार्ट मीटरमध्ये पुरवठा खंडित होताच साठवलेल्या थोड्याशा ऊर्जेवर शेवटचा संदेश पाठवण्याची सोय ठेवता येते. त्याला लास्ट गॅस्प म्हणतात. कागदावर ही सोय उत्तम आहे. प्रत्यक्षात ११ केव्हीचा फीडर (अनेक रोहित्रांना वीज पुरवणारी वाहिनी) ट्रिप झाला की त्यावरचे सगळे मीटर एकाच क्षणी बोलू लागतात, आणि जाळे मेश पद्धतीचे, म्हणजे मीटरकडून मीटरकडे संदेश पुढे सरकवणारे, असेल तर ज्या शेजारी मीटरने संदेश पुढे न्यायचा, तोही त्याच क्षणी अंधारात गेलेला असतो. त्यातच पावसाळ्यात फांदी तारेला घासली की ऑटो रिक्लोजर काही सेकंदांत पुरवठा परत आणतो. त्या वेळी मीटरने ओरड करणे अपेक्षित नसते. म्हणजे मीटर थांबला तर साठा संपत जातो आणि न थांबला तर खोट्या खबरींचा पाऊस पडतो.

अलोहा_१९७०

अंदाज यावा म्हणून गृहीत आकडे मांडतो. एका संग्राहकाखाली (मीटरांचे संदेश गोळा करणाऱ्या उपकरणाखाली) ५०० मीटर आहेत, प्रत्येकाचा संदेश १०० बाइटचा आहे आणि वेग सेकंदाला ५० किलोबिट आहे असे धरले, तर एका संदेशाला १६ मिलिसेकंद लागतात. सगळे शिस्तीत एकामागून एक बोलले तर काम ८ सेकंदांत आटोपेल. पण रांग लावणारा कोणी नसतो. स्लॉटेड अलोहाची, म्हणजे ठरावीक वेळखंडांत ज्याने त्याने आपापले बोलण्याच्या पद्धतीची, कमाल कार्यक्षमता सुमारे ३७ टक्के असल्याने हा काळ २२ सेकंदांच्या आसपास जातो, तोही सर्व काही आदर्श धरले तर. ऊर्जेचा हिशेब अधिक मजेशीर आहे. १ फॅरडचा सुपरकपॅसिटर ५ व्होल्टवरून ३ व्होल्टपर्यंत उतरताना ८ ज्यूल देतो. ३ वॉट घेणाऱ्या ट्रान्समीटरला एका संदेशासाठी जेमतेम ०.०५ ज्यूल लागतो; पण रिसीव्हर आणि प्रोसेसर मिळून ०.२ वॉट खात असतील, तर नुसत्या वाट पाहण्यात ४० सेकंदांत साठा रिकामा होतो. बोलणे स्वस्त आणि थांबणे महाग, असा हा उलटा बाजार आहे.

एनबी-आयओटी (मोबाइल टॉवरवरून छोट्या उपकरणांशी बोलण्याचे तंत्र) वापरल्यास शेजारी मीटर बंद पडण्याची अडचण राहत नाही, कारण टॉवरला सहसा बॅटरीचा आधार असतो. मात्र जिन्याखालच्या लोखंडी पेटीतल्या मीटरपर्यंत पोहोचण्यासाठी या तंत्रात जीएसएमच्या तुलनेत सिग्नल क्षीण होण्याची जी २० डेसिबलची वाढीव मुभा ठेवली आहे, ती बऱ्याच अंशी तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवून मिळते, अपलिंकवर (मीटरकडून टॉवरकडे) १२८ वेळांपर्यंत. परिणामी सर्वांत वाईट जागी बसलेला मीटर सर्वांत जास्त वेळ वाहिनी अडवतो, आणि नेमक्या त्याच वेळी बाकीचेही रांगेत असतात.

आता मूळ मुद्दा. ५०० संदेश ऐकायचेच कशाला? आपले वितरण जाळे बहुतांशी झाडासारखे पसरलेले असते. फांदी जेथे तुटली त्याच्या पुढचे सगळे अंधारात. त्यामुळे शोधायची गोष्ट म्हणजे ५०० स्वतंत्र उत्तरे नसून एक तुटलेली जागा आहे, आणि एका रोहित्राखालच्या तिन्ही फेजवरचे एक-दोन मीटर ऐकू आले तरी बरेच काही कळते. रॉबर्ट डॉर्फमन यांनी १९४३ मध्ये सैनिकांच्या रक्ततपासणीसाठी मांडलेली गटचाचणीची, म्हणजे अनेकांचे नमुने एकत्र करून तपासण्याची, कल्पना येथे लागू पडते. कोणत्या मीटरने कोणत्या संभाव्यतेने बोलावे हे वीजजाळ्याच्या रचनेवरून ठरवायचे, शिवाय गप्प राहिलेल्या मीटरांपैकी कोणाला संग्राहकाने उलट विचारायचे हेही. यश मोजायचे ते बिघाडाची जागा सापडेपर्यंतच्या वेळाने. किती टक्के संदेश पोहोचले, हा आकडा येथे दुय्यम आहे. विद्युत आणि दूरसंचार या दोन्ही विभागांना एकमेकांशिवाय सोडवता येणार नाही असा हा प्रश्न आहे.

एलटी_लाइन

मांडणी सुंदर आहे, पण तिचा पाया कच्चा असू शकतो. कोणता ग्राहक कोणत्या रोहित्रावर आणि कोणत्या फेजवर आहे, याची नोंद बरोबर आहे असे आपण गृहीत धरले आहे. ही नोंद करण्याचे काम, म्हणजे कन्झ्युमर इंडेक्सिंग, एकदा होते. त्यानंतर भार वाढला की वायरमन जोडणी दुसऱ्या फेजवर टाकतो आणि कागद तसाच राहतो. चुकीच्या नोंदीवर आधारलेला प्रोटोकॉल चुकीची फांदी आत्मविश्वासाने दाखवेल. एकाच फेजवरच्या मीटरांचे व्होल्टेज साधारण एकत्र चढते-उतरते, त्यामुळे नोंद दुरुस्त करता येते. मात्र ३० मिनिटांच्या सरासरीत बारीक चढउतार पुसले जातात. नोंदीत ठरावीक प्रमाणात चुका पेरून पद्धत कोठवर तग धरते, हे तपासल्याशिवाय परीक्षकांसमोर जाऊ नये.

सिम्युलेशनसाठी वीजेच्या बाजूने ओपनडीएसएस आणि रेडिओच्या बाजूने एनएस-३ ही सॉफ्टवेअर घ्यावीत. दोन्हींची घड्याळे जुळवण्यासाठी हेलिक्स आहे, आणि तिन्ही मुक्त आहेत. आयईईईच्या १२३ नोडच्या प्रसिद्ध चाचणी फीडरवर (सिम्युलेशनसाठीच्या नमुना वीजजाळ्यावर) मात्र विसंबू नका. अमेरिकेत एका छोट्या एकफेजी रोहित्रावर मोजकीच घरे असतात; आपल्याकडे तीन फेज चार तारांची लांब एलटी (लघुदाब) लाइन असते. ५५ ग्राहकांचा युरोपियन लघुदाब चाचणी फीडर आपल्या परिस्थितीच्या पुष्कळ जवळ जातो.

रेडिओलहरी

तिघांचेही मनःपूर्वक आभार. नोंदी चुकीच्या असतानाही बिघाडाची जागा लवकर शोधणारी, मीटरांच्या बोलण्याची पद्धत, असा विषय आराखड्यात मांडत आहे. वितरण कंपनीकडे माहिती मागायची झाल्यास नेमके काय मागावे?

निवृत्त_अभियंता_वितरण

ग्राहकांचे वापराचे आकडे मागू नका. त्यांवरून घरातील दिनचर्या कळते, वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदाही आहे, आणि तुमच्या प्रश्नाला त्यांची गरजच नाही. महाविद्यालयाच्या पत्रावर एखाद्या उपविभागातील दोन-तीन फीडरांचे एकरेषीय आराखडे, रोहित्रनिहाय ग्राहकसंख्या आणि खंडित पुरवठ्याच्या नोंदवहीतील वेळा एवढेच मागा. नोंदी जून ते सप्टेंबरच्या घ्या, आणि वहीत फीडर चालू झाल्याची वेळ असते, प्रत्येक रोहित्र चालू झाल्याची बहुधा नसते, हे आधीच धरून चला. ती दुसरी वेळ हवी असेल तर शाखा कार्यालयातील लाइनमनच्या वहीपर्यंत जावे लागेल.