हायवे ३९५ वर आई-बाबांना घेऊन जायचंय, कॅलिफोर्नियातल्या इन्यो काउंटीत टेंट कुठे टाकावा?

घाटमाथा:
नमस्कार मंडळी. आम्ही लॉस एंजेलिसला राहतो, आई-बाबा साताऱ्याहून आलेत आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यांना ३९५ ने इन्यो काउंटीत न्यायचं ठरतंय. बाबांनी तरुणपणी भरपूर गड केलेत पण आता बीपीची गोळी चालू आहे, आईचे गुडघे दुखतात आणि सोबत आमची सहा वर्षांची लेक. तिथला सगळ्यात उंच डोंगर माउंट व्हिटनी चढायचा वगैरे नाहीये, फक्त डोळे भरून बघायचाय. टेंट आहे. पण नकाशा उघडला की कुठे नॅशनल फॉरेस्ट, कुठे बीएलएम (केंद्र सरकारचं जमीन खातं), कुठे काउंटी पार्क, नक्की कुठे राहता येतं तेच कळत नाही. आणि ती ब्रिसलकोन पाइनची हजारो वर्षांची म्हातारी झाडं बघायला बाबांना न्यावं का?

रानवारा:
अवश्य जा, आणि आई-बाबांना घेऊनच जा. आधी जमिनीचं समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप सुटतं. या काउंटीत खाजगी जमीन दोन टक्के पण नाहीये, उरलेलं सगळं कुठल्या ना कुठल्या सरकारी खात्याचं, त्यामुळे नियम दर दोन मैलांवर बदलतात. ओवेन्स खोऱ्यातली बरीच सपाट जमीन तर तुमच्याच लॉस एंजेलिसच्या पाणी खात्याची आहे, तिथे बऱ्याच ठिकाणी दिवसा फिरा, मासे पकडा, पण मुक्काम नाही. (सोळा वर्षं आणि त्याहून मोठ्यांना मासेमारीचं लायसन लागतं.) लोन पाइन गावाजवळच्या अलाबामा हिल्सला (खडकाळ टेकड्या) पूर्वी कुठेही टेंट पडायचे, २०१९ मध्ये ती नॅशनल सीनिक एरिया म्हणजे संरक्षित भाग झाली, आता ठरवून दिलेल्या जागांवरच आणि परमिट काढूनच राहायचं, आणि हे योग्यच झालं कारण गर्दीने तिथली झुडपं तुडवून टाकली होती.

तुमच्यासारख्यांनी सरळ काउंटीच्या कॅम्पग्राउंडला जावं असं माझं ठाम मत आहे. लोन पाइनजवळचं पोर्टगी जो छोटंसं आहे, ओढ्याच्या काठाला, झाडांची सावली, गाव अगदी जवळ. डायझ लेकही काउंटीचंच, १८७२ च्या भूकंपात जमीन खचून तयार झालेलं तळं, लेकीला पाण्याकाठी खेळायला छान. अशा बऱ्याच ठिकाणी पाकिटात पैसे घालून पेटीत टाकायचे एवढाच कारभार, म्हणून सुटे डॉलर ठेवा. लोक नॅशनल पार्कच्या बुकिंगसाठी महिनोन् महिने जिवाचं रान करतात आणि या साध्या जागांकडे बघतही नाहीत. जमीन खोदायची नाही, शेगड्यांबाहेर आग नाही, आणि शेकोटीवर बंदी आहे का ते निघायच्या आधी बघा.

एक सांगतो, लोन पाइनमधून जो सगळ्यात उंच वाटतो तो व्हिटनी नाही, तो लोन पाइन पीक. व्हिटनी मागे असल्यामुळे बुटका दिसतो, १४,५०५ फूट असूनही. बाबांना नीट दाखवा नाहीतर फोटो भलत्याच डोंगराचे निघतील.

सुमेधा_एम:
ब्रिसलकोनचं विचारलंय म्हणून लिहिते. ती झाडं जिथे आहेत ते शुलमन ग्रोव्ह साधारण १०,००० फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट, आणि खोऱ्यातल्या बिग पाइन गावावरून गाडी तासाभरात तिथे नेऊन ठेवते, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. बाबांच्या डॉक्टरांना आधी विचारा आणि पहिल्याच दिवशी तर मुळीच नेऊ नका. खोऱ्यात एक-दोन रात्री काढून मग जा. डोकं दुखलं, मळमळलं तर "थोडं थांबू, बरं वाटेल" असं न करता सरळ खाली उतरा. वर पाणी मिळत नाही, पेट्रोल बिग पाइनलाच भरून घ्या. मेथुसेलाचा ट्रेल साडेचार मैलांचा आहे, तो सोडा, एक मैलाचा छोटा ट्रेल पुरे, त्यातही चढ आहे म्हणून आईने व्हिजिटर सेंटरपाशी बसून बघितलं तरी चालेल, आसपास सगळी तशीच पिळवटलेली झाडं आहेत. मेथुसेला म्हणजे ४,८०० वर्षांहून जुनं ते एक झाड नक्की कुठलं हे मुद्दामच सांगत नाहीत, आणि न सांगितलेलंच बरं, नाहीतर लोकांनी सालं काढून नेली असती.

आईच्या गुडघ्यांसाठी व्हिटनीच्या पायथ्याचं व्हिटनी पोर्टल उत्तम, थेट ८,३०० फुटांपर्यंत गाडी जाते, धबधबा, तळं, सगळं पार्किंगजवळ. फक्त अस्वलं आहेत, त्यामुळे लाडू-चिवड्याचे डबे गाडीत न ठेवता तिथल्या लोखंडी लॉकरमध्येच.

घाटमाथा:
खूप आभार दोघांचे! मग पहिले दोन दिवस लोन पाइन आणि ब्रिसलकोन शेवटच्या दिवशी, तेही डॉक्टर हो म्हणाले तरच. मधला अर्धा दिवस मोकळा आहे, काही सुचवाल?

ओढ्याकाठी:
मान्झनार बघा, लोन पाइन आणि इंडिपेंडन्स या गावांच्या मध्ये, तिकीट नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकन कुटुंबांना इथे तारेच्या कुंपणात डांबलं होतं, एका वेळी दहा हजारांवर माणसं, आणि त्यांनी त्या धुळीत दगड रचून बागा केल्या, त्यातल्या काही उकरून परत उजेडात आणल्यात. गाडीतूनही बराच भाग फिरता येतो, आईला सोयीचं. आणि रानवारांनी पाणी खात्याचं लिहिलंय तर ओवेन्स लेकपाशी पण गाडी थांबवा. १९१३ मध्ये कालवा सुरू झाला, इथलं पाणी लॉस एंजेलिसला गेलं आणि काही वर्षांतच अख्खं तळं कोरडं पडलं. आता धूळ दाबायला काही भागात परत पाणी सोडतात, तिथे पक्षी येतात, दुर्बीण असेल तर घ्या. वाऱ्याचा दिवस असेल तर मात्र तळ्यापाशी नको, बाबांना धुळीचा त्रास होईल.