निळ्या डब्यातली तुमची पहिली कुकी कोणती?

सायसाखर

गेली पंचवीस वर्षं मी डॅनिश बटर कुकीजच्या निळ्या डब्यातून सगळ्यात आधी एकच उचलते, व्हॅनिलाची कडी. मधे भोक, अंगावर रेघा, आणि त्या रेघांचे कंगोरे थोडे जास्त भाजलेले. आधी ते कंगोरे जिभेवर चाचपायचे, मग एक बाजू तोडायची. ही माझी पद्धत अजून बदललेली नाही.

आम्ही तीन भावंडं. डबा आला की बाबांचा एकच नियम असायचा: वरचा थर पूर्ण संपल्याशिवाय खालच्या कागदाला हात लावायचा नाही. त्यामुळे व्हायचं काय, की कड्या, प्रेट्झेल (गाठीच्या आकाराच्या), खोबऱ्याच्या असं सगळं भराभर संपायचं आणि चुण्यांच्या कागदी वाटीत ती जाड आयताकृती कुकी तेवढी उरायची. आम्ही तिला वीट म्हणायचो. विटा बाबा खायचे, रोज दोन, चहाबरोबर, काही न बोलता. मी कायम समजत आले की ते आमच्यासाठी उरलंसुरलं खातात.

बाबा आता ७८ वर्षांचे आहेत. परवा ४५४ ग्रॅमचा नवा डबा आणला, झाकणाची चिकटपट्टी सोडवली आणि अख्खा डबा त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, बाबा, आज पहिली तुमची, हवी ती घ्या. त्यांनी जराही विचार न करता वीट उचलली. म्हणाले, "हीच तर सगळ्यात चांगली. तुम्ही सोडायचात म्हणून मला मिळायची."

मी तिथेच बसून आयुष्यात पहिल्यांदा एक वीट लक्ष देऊन खाल्ली. आणि खरंच, बटरची चव तिच्यातच सगळ्यात जास्त लागली. तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न आहे. पीठ जवळपास सारखंच असेल तर चव वेगळी का लागते? आणि तुमची पहिली कोणती, ती का, तेही सांगा. नुसतं नाव नको.

भट्टीवाला

ताई, छान प्रश्न. मी घरी या पाचही प्रकारच्या कुकीज करून पाहिल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाया एकच: बटर, मैदा, साखर. फरक पडतो तो आकाराने. कडीचं पीठ मऊ ठेवून चांदणीच्या आकाराच्या तोंडातून पिळतात. डेन्मार्कमध्ये हिला व्हानिलियेक्रान्स म्हणतात, ती नाताळात घरोघरी होते, आणि जुन्या पद्धतीत खिमा करायच्या यंत्राला चांदणीची जाळी लावून त्यातून पीठ काढतात. मूळ कृतीत बारीक केलेले बदामही असतात. पिळल्यामुळे रेघा उमटतात. रेघांचे शेंडे पातळ, ते आधी तांबूस होतात, आणि तुम्हाला आवडतो तो खमंगपणा तिथेच तयार होतो. म्हणजे कडीत तुम्ही बटरपेक्षा भाजणीची चव जास्त खाता.

वीट जाड. कडा कमी, पोट जास्त. मधला भाग फिकाच राहतो, त्यामुळे भाजल्याची चव बटरवर चढत नाही. शिवाय बटर अंगाच्या उष्णतेच्या आसपास वितळतं. जाड तुकडा तोंडात जास्त वेळ राहतो आणि तेवढ्या वेळात बटर जिभेवर सुटतं. तुमचे बाबा चहाबरोबर खायचे म्हणता, तिथे हे आणखी सोपं झालं असणार. पुढची वीट चावू नका, टाळूला लावून धरा.

तिकडे हिला फिन्स्कब्रॉड म्हणतात, म्हणजे फिनिश ब्रेड. नाव फिनलंडचं, पण डेन्मार्कच्या नाताळातली ही अगदी नेहमीची गोष्ट. घरी करतात तेव्हा वर चिरलेले बदाम आणि जाड साखर असते. डब्यातल्या विटेवर बहुतेक वेळा नुसती साखर.

माझी पहिली? वीट. बाबांना नमस्कार सांगा.

गाठीची_गोडी

प्रेट्झेल! दुसरं नाव मनात येतच नाही.

ती पातळ असते, त्यामुळे पूर्ण कुरकुरीत होते, मऊ मधला भाग नावालाही नाही. आणि वरची साखर. पिठात पाणी अगदी थोडं आणि खडे जाड, म्हणून भट्टीतही ते विरघळत नाहीत, दाताखाली तसेच फुटतात. हा आकार डेन्मार्कमध्ये इतका मानाचा आहे की तिथल्या बेकरीच्या दारावर सोनेरी प्रेट्झेल आणि वर मुकुट अशी पाटी असते. त्याला क्रिंगल म्हणतात.

वाईट एवढंच वाटतं की प्रवासात सगळ्यात आधी तीच मोडते. कागदी वाटीच्या चुण्यांत अडकलेले तुकडे आणि साखरेचे खडे मी बोटाने टिपून खाते. ती वाटी माझ्या आधी कोणी टाकून दिली तर मला खरंच राग येतो.

खमंग_खोबरं

खोबऱ्याचीची बाजू मांडायला कोणीच नाही म्हणून लिहितोय.

तिचा पोत बाकी कुणाला नाही. खोबऱ्याचा कीस भाजून किंचित कडक होतो आणि शेवटचा घास गिळल्यावरही दातांत थोडा चावायला उरतो. बाकीच्या चार विरघळून जातात, ही रेंगाळते. मला तेच हवं असतं.

तिच्यावर एक आरोप होतो तो मात्र खरा आहे. बटर कुठलाही वास पटकन धरून ठेवतं. डबा उघडून पंधरा दिवस झाले की माझ्या डब्यातल्या कड्यांनाही खोबऱ्याचा वास लागायला लागतो. म्हणून मी खोबऱ्याच्या वेगळ्या बरणीत काढतो. प्रत्येकीची चव वेगळी ओळखायची असेल तर हे पहिल्याच दिवशी करा.

भट्टीवालादादा, झाकण नीट न लागल्यामुळे मऊ पडलेल्या कुकीजचं काय करू? अर्धा डबा आहे, टाकवत नाही.

भट्टीवाला

टाकू नका. ओव्हन १५० अंशांवर तापवून पाच मिनिटं ठेवा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना त्या मऊच लागतील, त्याला फसून आणखी भाजू नका. कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो. आणि फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दमट हवेतलं पाणी धरतं आणि परत तेच होतं.

जुनाडबा

माझी कडीच. पण मला एक दुःख सांगायचंय. मागच्या खेपेला अगदी हुबेहूब दिसणारा निळा डबा आणला. कडी तोंडात घातली आणि टाळूला मेणासारखा थर बसला. मागे वाचलं तर घटकांत पाम तेल वर आणि बटर पार खाली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, तेव्हा घेण्याआधी डबा उलटा करून बटर कितव्या नंबरला आहे ते बघाच. टक्केवारी छापलेली असेल तर उत्तम. वीट आणि कडीतला फरक बटर असेल तरच कळणार ना.

जाता जाता, रॉयल डान्स्क या ब्रँडच्या निळ्या डब्याच्या झाकणावर जे शेतघर आहे ते खरं आहे, डेन्मार्कच्या फ्यून बेटावरचं. लहानपणी मला वाटायचं की कुकीज त्याच घरात भाजतात.

सायसाखर

सगळ्यांचे मनापासून आभार. भट्टीवालादादा, टाळूला लावून धरायचं जमलं. आधी साखर, मग काही क्षण काहीच नाही, आणि मग एकदम बटर. इतकी वर्षं मी हे चावून घालवत होते.

काल आम्ही दोघांनी डोळे मिटून परीक्षा घेतली. प्रेट्झेल आणि विटेवरची साखर झटकली, सगळ्यांचे सारखे छोटे तुकडे केले, आळीपाळीने एकमेकांना भरवले. खोबऱ्याची लगेच ओळखू आली. प्रेट्झेल मला ओळखता आली नाही, साखरेशिवाय ती नुसती कुरकुरीत लागते (गाठीची_गोडी, क्षमस्व). आणि माझी कडी मी साध्या गोल कुकीपासून वेगळी सांगू शकले नाही. दोनदा चुकले. कंगोरे तुटले की तिची ओळखच जाते. बाबांनी वीट तिन्ही वेळा बरोबर सांगितली, तीही दाताने न चावता.

तरी माझी पहिली कडीच राहणार, कारण मला ते कंगोरेच हवे असतात. दुसरी मात्र आता वीट.

आज वरचा थर संपत आलाय. दोन कड्या आहेत, एक प्रेट्झेल आहे. वीट एकही नाही. बाबांनी नियम मोडून खालचा कागद उचलला.