तारा असलेली जुनी टाटा-मर्सिडीज, जुना पुणे-बंगळूर रस्ता आणि आबा: कोल्हापूर ते मुंबई जमेल का?

शिरोलीनाका

नमस्कार मंडळी. आमच्याकडं टाटा-मर्सिडीज १२१० आहे, बॉनेटवाली. जाळीवर तारा अजून शाबूत आहे, म्हणजे १९६९ च्या आधीची. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेन्झचा १९५४ चा करार संपल्यावर ताऱ्याच्या जागी 'टी' आला. माझ्या वडिलांनी, आबांनी, याच गाडीवर कोल्हापूरचा गूळ मुंबईला पोचवला. वर्षानुवर्षं ती शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. गेल्या दिवाळीपासून भावानं आणि मी ती उभी केली आहे. इंजिन एका सेल्फला सुरू होतं, गिअर पडतात, गावात आणि पेठनाक्यापर्यंत फिरवून झाली.

आता आबांना त्यांच्या जुन्या रस्त्यानं मुंबईला न्यायचं आहे. शक्य तिथं नवा हायवे टाळून: कराड, सातारा शहरातून, खंबाटकी, शिरवळ, कात्रजचा जुना बोगदा, लोणावळा, बोरघाट, खोपोली, पनवेल. हौद्यात गुळाचे थोडे रवे भरावेत अशी त्यांची फार इच्छा आहे. वय ७४, तब्येत ठणठणीत. एखादा सपाट टप्पा स्वतः चालवायचा हट्ट आहे.

प्रश्न असे: किती दिवस धरावेत? घाटांत काय काळजी घ्यावी? 'व्हिंटेज' नंबर मिळतो म्हणतात, तो घेतला की कागदपत्रं सुटसुटीत होतात का? ब्रेक ऑइलवर चालतात, त्यांना दाबाच्या हवेची मदत आहे.

घाटमाथा

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप उडाली. माझे वडील याच रस्त्यावर ट्रक चालवायचे आणि माझी सगळी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत ब्रेक आणि गिअरबॉक्स उघडण्यात गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगतो: प्रवास उलटा करा. मुंबईकडून कोल्हापूरला या.

कारण घाट आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, आणि खोपोली जवळजवळ पायथ्याला. कोल्हापूरहून निघालात तर जुन्या ड्रमच्या ब्रेकवर, हौद्यात गूळ, केबिनमध्ये आबा, अशा अवस्थेत ती सगळी उंची तुम्हाला उतरायची आहे. उलट आलात तर तीच उंची चढायची. चढावर जुनी गाडी फार तर तापेल. मग थांबाल, बॉनेट उघडाल, अर्धा तास बसाल, पुन्हा निघाल. उतारावर ब्रेक तापले तर थांबायला जागा आपण निवडत नाही.

ब्रेक तापतात म्हणजे नक्की काय होतं तेही सांगतो, कारण नवीन गाड्या चालवणाऱ्यांना याची सवय राहिलेली नाही. ड्रम तापला की फुगतो, त्याचा व्यास वाढतो, त्यामुळं लायनरला, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्टीला, तिथपर्यंत पोचायला पेडल जास्त दाबावं लागतं. लायनरची पकडही उष्णतेनं सुटत जाते. आणि ऑइल जुनं असेल तर त्यानं हवेतलं पाणी शोषलेलं असतं, ते चाकाजवळ उकळतं आणि पाइपात वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल खाली जातं आणि गाडी मात्र थांबत नाही. मदतीच्या हवेचा इथं काहीच उपयोग नाही. ती फक्त तुमच्या पायाचा जोर वाढवते, ड्रम थंड करत नाही.

म्हणून गाडी पेठनाक्यापर्यंत नीट थांबली यावर घाटाचा भरवसा ठेवू नका. चारही कोपऱ्यांचे ड्रम उघडा. आतून बोट फिरवा, कड लागली तर मापून घ्या. चाकाच्या सिलिंडरचे वॉशर आणि मास्टर सिलिंडरचं किट नवं टाका, मग ते दिसायला कितीही चांगले असोत. उभ्या गाडीत रबर आतून मरतं. रबरी होज तिन्ही बदला. सगळं ऑइल काढून नवं भरा आणि लांबच्या चाकापासून जवळच्या चाकाकडं एअर, म्हणजे पाइपात अडकलेली हवा, काढत या. हँडब्रेक चढावर, भरल्या गाडीवर धरतो का ते पाहा. केबिनमध्ये दोन लाकडी ठोकळे ठेवा आणि थांबलात की चाकामागं लावायचं काम एकाच माणसाकडं द्या, रोज तोच.

थोडा उतार तरीही वाट्याला येईलच, कात्रज ओलांडल्यावर खेड शिवापूरकडं आणि खंबाटकी ओलांडल्यावर सुरूरकडं. तिथं आबांना विचारा, ते सांगतील: ज्या गिअरात घाट चढलात त्याच गिअरात उतरायचं. न्यूट्रल नाही, इंजिन बंद नाही. गिअर उताराला लागायच्या आधीच टाकायचा, कारण मध्येच डबल क्लच (गिअर बदलताना दोनदा क्लच दाबणं) चुकला आणि गिअर पडला नाही तर गाडी मोकळी सुटते. ब्रेक पायाखाली घासत ठेवायचा नाही. ठामपणे दाबायचा, वेग उतरवायचा, सोडायचा.

खंबाटकीसाठीही हीच दिशा बरी. बोगदा झाल्यापासून कैक वर्षं पुण्याहून येणारी वाहनं जुन्या घाटानं वर जातात आणि साताऱ्याकडून येणारी बोगद्यानं. म्हणजे कोल्हापूरहून निघालात तर आबांचा घाट तुम्हाला मिळणारच नाही. तिथं नव्या बोगद्यांचं कामही काढलेलं आहे, तेव्हा निघायच्या आठवड्यात वाहतूक कशी वळवली आहे ते बघून घ्या.

बोरघाटात एक गोष्ट मनाची तयारी करून ठेवा. खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळावरून वर जाणारा रस्ता जुनाच आहे. चाकाच्या गाड्यांसाठी हा घाट १८३० मध्ये खुला झाला. पण वर गेल्यावर जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग काही अंतर एकच होतात. तेवढं अंतर तुम्हाला आजच्या ट्रेलरांबरोबर चढावं लागेल, तेही डावी लेन धरून, मागं मोठा लाल त्रिकोण आणि दिवे लावून. अमृतांजन पूल आबांना दिसणार नाही, तो एप्रिल २०२० मध्ये पाडला. हे त्यांना आधीच सांगा, तिथं पोचल्यावर नको. शिंग्रोबाला मात्र थांबा. रेल्वेची वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याचं देऊळ आहे, आणि वर जाणारा प्रत्येक जुना ड्रायव्हर तिथं नाणं टाकल्याशिवाय पुढं गेलेला मी पाहिला नाही. अवजड गाड्यांना या जुन्या घाटात वेळेची किंवा दिशेची बंदी आहे का हे महामार्ग पोलिसांना खोपोलीत आदल्या दिवशी विचारा. असे आदेश बदलत राहतात.

दिवस? सुमारे पावणेचारशे किलोमीटर आहे, ताशी ४० धरा आणि चार दिवस काढा. पनवेलहून सुरुवात करा, मुंबई शहरात अवजड गाडीच्या वेळांशी झगडू नका. पहिला दिवस लोणावळ्यापर्यंतच, पण घाटाच्या पायथ्याला उजाडताना हजर. दुसऱ्या दिवशी पुणे शहर पहाटे ओलांडून कात्रज, मुक्काम शिरवळ. तिसरा दिवस फक्त खंबाटकी, भुईंजला कृष्णा, आणि सातारा. पोवई नाक्यावर आबांना हवा तेवढा वेळ द्या. चौथ्या दिवशी कराड आणि घर. शेवटचा टप्पा लांब आहे, पण सपाट आहे. आबांचं स्टिअरिंग तिथं.

पंपनोझल

घाटमाथा काकांनी ब्रेकचं सांगितलं, मी इंधन आणि विजेचं सांगतो. आमचं डिझेल पंप दुरुस्तीचं दुकान आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा डिझेल मिळतं, त्यात गंधक दहा लाखांत १० भाग इतकंच. घसरण टिकावी म्हणून त्यात वेगळं द्रव्य घातलेलं असतं आणि तुमच्या लाइन पंपाचा (इंजिनला दाबानं डिझेल देणारा पंप) कॅमशाफ्ट ऑइलमध्येच चालतो, त्यामुळं पंप झिजेल ही भीती मनातून काढा. त्रास होतो तो जुन्या रबराचा. जुन्या डिझेलमध्ये फुगलेली सीलं नव्या डिझेलमध्ये आकसतात आणि पाझरतात. पाझर बाहेर दिसला तर बरं, पण फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) आधीच्या पाइपात असेल तर गाडी तिथून हवा ओढते आणि चढावर दम सोडते. टाकीपासून फीड पंपापर्यंतचे सगळे पाइप, वॉशर बदला. टाकी उतरवून धुवा. दोन जादा फिल्टर, तांब्याचे वॉशर आणि फिल्टरवरच्या बोल्टला बसणारा पाना केबिनमध्ये ठेवा, आणि हातपंपानं एअर काढायची सवय दोघा भावांना हवी.

डायनामो असेल तर मंद इंजिनावर चार्जिंग होत नाही. पुण्याच्या सिग्नलांवर दिवे लावून उभे राहिलात तर बॅटरी उतरेल. पहाट गाठा या सल्ल्याला हेही एक कारण धरा.

टायरचं वर्ष बघा. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी नवी दिसली तरी जुना टायर घाटात फुटतो. आणि लॉक रिंगच्या रिमला (टायर धरून ठेवणारी सुटी लोखंडी कडी असलेल्या) हवा भरताना पिंजरा किंवा साखळी असलेल्याच माणसाकडं जा, समोर उभं राहू नका. ती रिंग सुटली तर माणूस वाचत नाही.

कागदवाली

व्हिंटेज नंबरचा नाद सोडा. २०२१ च्या नियमांत 'व्हिंटेज' म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा माणसं नेणारी चारचाकी. मालवाहू ट्रक त्यात बसत नाही. आणि तो नंबर मिळालेल्या गाड्यांनाही रोज रस्त्यावर फिरायची मुभा नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांपुरतीच बाहेर काढता येते.

तुम्हाला साधाच मार्ग आहे: नोंदणी चालू असणं, फिटनेस प्रमाणपत्र, विमा, पीयूसी, आणि गूळ भरणार असाल तर परमिट. सगळ्यात आधी नोंदणीची आजची स्थिती आरटीओत काढून घ्या, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. जुन्या अवजड गाड्यांच्या फिटनेसची फी आता बरीच वाढली आहे, तेव्हा पहिल्याच तपासणीत पास होईल इतकी तयारी करूनच गाडी न्या.

आबांचं अवजड वाहनाचं लायसन तपासा. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते. त्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर त्यांच्या हाती स्टिअरिंग देऊ नका, काही झालं तर विमा हात वर करतो. आणि हौद्यात माणसं बसवायची नाहीत. नातेवाईक उत्साहानं म्हणतील, पण केबिनमध्ये नोंदणी पुस्तकात आहेत तेवढेच, बाकीचे मागून दुसऱ्या गाडीत.

शिरोलीनाका

सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी आबांना सगळं वाचून दाखवलं.

दिशा उलटी करायला आधी तयार नव्हते. "गूळ मुंबईला जातो, मुंबईहून येत नाही," म्हणाले. पण बोरघाट उतरताना भरल्या गाडीचे ब्रेक गेलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहेत, आणि ड्रमबद्दल घाटमाथा काकांनी लिहिलेलं वाचल्यावर गप्प झाले. मग स्वतःच म्हणाले, चढूया. अमृतांजन पुलाचंही सांगितलं. ते त्यांना ठाऊक होतं.

एक शंका राहिली. रिकामी गाडी फार उडते, आबांच्या कमरेला ते झेपणार नाही. थोडं वजन भरू का?

घाटमाथा

भरा. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) भरल्या गाडीसाठी बनवलेले असतात. रिकाम्या गाडीत मागचा एक्सल उडतो, आणि जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी आडवी होऊ शकते. दीड-दोन टन पुरे, त्याहून जास्त नको. वजन पुढच्या भिंतीला न चिकटवता एक्सलच्या वर आणि थोडं पुढं ठेवा, दोरानं आवळा, वर ताडपत्री. वाळूची पोती चालतील आणि परमिटचा प्रश्नही सोपा होईल, पण ते आधी कागदवाली ताईंकडून पक्कं करून घ्या.

ब्रेकची चाचणी मात्र तेवढं वजन भरूनच घ्या, रिकाम्या गाडीवर घेतलेली धरू नका.

आणि एक विनंती. रस्त्यात दगडी पूल लागतील, जुन्या वळणावर राहून गेलेले. फोटोसाठी ट्रक त्यावर नेऊ नका. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, आणि तो तर चालू महामार्गावरचा होता. गाडी अलीकडं लावा, पुलावर पायी जा.

कागदवाली

स्वतःच्या गाडीत स्वतःची वाळू असली तरी परमिटचं लेखी उत्तर आरटीओकडूनच घ्या. तोंडी "चालतंय" यावर निघू नका. अर्जात प्रवासाचा मार्ग आणि तारखा लिहा.

शिरोलीनाका

ठरलं मग. पाऊस संपला की ड्रम उघडतो. तोवर आरटीओत नोंदणीची स्थिती आणि आबांच्या चाचणीचा अर्ज. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मोटरसायकलनं पनवेल ते कोल्हापूर पाहणी: कात्रजच्या जुन्या बोगद्याची उंची आणि रुंदी टेप लावून, खंबाटकीची वाहतूक, खोपोलीत पोलिसांकडं चौकशी. ऊसतोडीचा हंगाम जोरात आला की कराडच्या खाली ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर असतात, तेव्हा शेवटचा दिवस रविवारी पाडायचा की नाही हे पाहणीनंतर ठरवू.

पंपनोझल, तुम्ही म्हणालात ते पाइप आणि वॉशर या आठवड्यातच बदलतोय. गाडीला डायनामोच आहे. ड्रमची मापं निघाली की इथंच टाकतो, घाटमाथा काका, तुम्ही बघून सांगा टर्निंग करायचं (लेथवर आतून घासून सारखे करायचे) की नवे शोधायचे.