तळ्यालगतची सोसायटी: साप, डास, वंचक आणि सप्टेंबरची सभा (ऑनलाइन मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

काठावरचा

आमची सोसायटी पुण्याच्या पाषाण तलावाजवळ आहे. तीन विंग, १८० फ्लॅट. मागच्या कंपाउंड भिंतीपलीकडे झुडपांचा पट्टा आणि मग पाणी. सप्टेंबरमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा आहे आणि कमिटीने चार विषय आणायचं ठरवलंय: मागच्या भिंतीवर फ्लडलाइट, भिंतीबाहेरची झुडपं जेसीबीने साफ करणं, दर आठवड्याला धूर फवारणी, आणि पार्किंगवरच्या दोन रेन ट्रींची जबरदस्त छाटणी. त्यावर वंचकांची (तळ्याकाठच्या छोट्या बगळ्यांची) घरटी आहेत आणि खालच्या गाड्या पांढऱ्या होतात.

लोकांच्या तक्रारी खोट्या नाहीत. पावसाळ्यात पार्किंगमध्ये साप दिसतात, संध्याकाळी डासांमुळे बाल्कनीत बसवत नाही. यातलं काय उपयोगी, काय अंगाशी येईल, आणि सभेत पर्यायी ठराव कसा मांडायचा? "निसर्ग वाचवा" एवढ्यावर आमच्याकडे एकही मत पडणार नाही. कामाचं सांगा.

दिवड

सापांपासून सुरू करतो. तळ्याकाठी पावसाळ्यात सगळ्यात जास्त दिसतो तो दिवड, काही जण विरोळा म्हणतात. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, डिवचला तर कडकडून चावतो, पण बिनविषारी. त्याखालोखाल धामण, तीही बिनविषारी. ओळखायला शिकायचे ते चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. तुमच्या पार्किंगच्या दृष्टीने घोणस आणि मण्यार महत्त्वाचे. दोन्ही रात्री फिरतात. घोणस जागेवर वेटोळं करून कुकरच्या शिटीसारखी फुत्कारते. मण्यारचा दंश मात्र अनेकदा दुखतही नाही, त्यामुळे लोक "काहीतरी चावलं असेल" म्हणून पुन्हा झोपतात आणि तिथेच घात होतो.

साप तळ्यातून "येत" नाहीत, तुमच्या उंदरांमागे आणि बेडकांमागे येतात. त्यामुळे आधी कचऱ्याची खोली बघा. ओल्या कचऱ्याचे ड्रम रात्रभर उघडे राहतात का, दाराखाली फट किती? अंगठा जाईल एवढ्या फटीतून उंदीर येतो, आणि उंदीर येतो तिथून सापही येतो. दाराला खाली ब्रशची पट्टी लावा, फट ६ मिमीच्या आत आणा. पावसाळी गटाराची तोंडं ६ मिमीच्या वेल्ड जाळीने बंद करा, पण जाळी पक्की वेल्ड करून टाकू नका. बिजागरीवर बसवा आणि पावसाळ्यात दर दोन दिवसांनी पाला काढायचं काम हाउसकीपिंगच्या रजिस्टरमध्ये घाला. हे कुणी करत नाही. मग पहिल्या मोठ्या पावसात जाळी तुंबते, बेसमेंटमध्ये घोटाभर पाणी येतं, आणि संतापून जाळीच काढून फेकतात.

भिंतीच्या आतल्या बाजूने दीड मीटरचा पट्टा मोकळा ठेवा. जुन्या फरश्या, कुंड्या, रंगाचे डबे, नूतनीकरणाचा राडारोडा सगळा हलवा. बाहेरच्या झुडपांना हात लावू नका. एक तर ती जागा तुमच्या सातबाऱ्यात नाही. दुसरं, जेसीबी फिरला की त्या पट्ट्यातले सगळे साप एका दिवसात सगळ्यात जवळच्या आडोशाला जातात, म्हणजे तुमच्या पार्किंगमध्ये. शिवाय काठाची माती त्या मुळांनीच धरलेली असते. दोन पावसाळ्यांत भिंतीच्या पायाखालची माती सरकली तर खर्च कोण देणार, हेही सभेत विचारा.

फिनाइल, गंधक, कार्बोलिक ॲसिडच्या रेषा ओढणं बंद करा, साप त्यावरून निवांत जातो. उंदरांसाठी ब्रोमाडायोलोन या विषाच्या वड्या आणि चिकट पट्ट्याही नकोत. विष खाल्लेला उंदीर खाऊन घुबड आणि मुंगूस मरतात, म्हणजे फुकट काम करणारा माणूस तुम्हीच काढून टाकला. पट्टीवर तर पाली, सरडे, कधी साप चिकटतात आणि तो सोडवायचा उद्योग वेगळाच.

साप दिसला तर एकाने लांबून नजर ठेवायची, बाकीच्यांनी मागे व्हायचं, आणि वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवायचा. वनविभागाशी जोडलेला सर्पमित्रच बोलवा, व्हिडिओ काढणारा हौशी नको. पकडलेला साप जवळच्याच अधिवासात सोडायला सांगा. लांब नेऊन सोडलेला साप बहुतेकदा जगत नाही.

दंश झाला तर चिरा देणं, आवळून बांधणं, चोखणं काहीही करायचं नाही. अंगठी-घड्याळ काढा, तो हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, चालू देऊ नका, दंशाची वेळ लिहा, १०८ ला फोन. प्रतिविष चारही सापांवर एकच असतं, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. मात्र रात्री २ वाजता कुठे ते उपलब्ध असतं हे आजच जवळच्या दोन रुग्णालयांना फोन करून विचारा आणि वॉचमनच्या केबिनमध्ये कागद चिकटवा.

मैलापाणी

डासांचं खापर तळ्यावर फोडण्याआधी डासांचे तीन प्रकार वेगळे करा. डेंगीचा एडिस तळ्यात वाढत नाही. त्याला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं: कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरच्या टाकीचं निसटलेलं झाकण, बंद फ्लॅटचा फ्लश. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं कोरडं करायचं. रात्री त्रास देतो तो क्युलेक्स, तो घाण साचलेल्या पाण्यात वाढतो. तिसरा मॅन्सोनिया, त्याच्या अळ्या जलपर्णीच्या मुळांना चिकटून श्वास घेतात. तेवढाच खरा तळ्याचा.

धूर फवारणी उडणाऱ्या डासांना मारते, तीही वारा नसेल तर. अळ्या शाबूत राहतात आणि चार-पाच दिवसांत नवी पिढी हजर. जिथे पाणी हलवता येत नाही, म्हणजे लिफ्टचा खड्डा, पावसाळी चेंबर, तिथे बीटीआय पावडर (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची) वापरा. अळ्यांवरच काम करते, मासे-बेडकांना धोका नाही. तळ्यात मात्र स्वतःहून काही टाकायचं नाही, अळ्या खाणारे गप्पी किंवा गॅम्बुशिया मासेही नाहीत. तळ्यासाठी मनपाच्या कीटक प्रतिबंधक विभागाला पत्र द्या.

आता तुम्ही न विचारलेलं. १८० फ्लॅट, प्रत्येकात पाच माणसं, माणशी १३५ लिटर धरले तर रोज १,२१,५०० लिटर पाणी. त्यातलं ८० टक्के मैलापाणी, म्हणजे सुमारे एक लाख लिटर. तुमचा एसटीपी (मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प) एवढ्याचाच असणार. प्रश्न असा की तो चालतो का, की रात्री बिल वाचवायला ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) बंद करतात? ब्लोअर काही तास बंद राहिला की गाळातले जिवाणू प्राणवायूविना मरायला लागतात. सकाळी उग्र वास येतो आणि जे पाणी बाहेर जातं ते जवळजवळ कच्चं असतं. ते पावसाळी गटारातून तळ्यात गेलं की त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी माजते, आणि मग त्याच जलपर्णीच्या डासांवर तुम्ही फवारणीचे पैसे भरता.

तपासणी सोपी आहे. हवा सोडतात त्या एरेशन टाकीतलं पाणी एक लिटरच्या मोजपात्रात भरा, ३० मिनिटं न हलवता ठेवा. तपकिरी गाळ २५० ते ३५० मिलिलिटरवर बसला आणि वर नितळ पाणी दिसलं तर ठीक. १०० च्या खाली असेल तर गाळ मेलाय किंवा वाहून गेलाय. ६०० च्या वर राहिला तर जादा गाळ बऱ्याच दिवसांत काढलेला नाही. रंग काळा आणि वास सडक्या अंड्याचा असेल तर हवा पुरत नाही. मेलेला प्लांट पुन्हा उभा करायला दोन-तीन आठवडे लागतात, चालणाऱ्या प्लांटमधून गाळाचा टँकर आणला तर लवकर. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल मागवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रातल्या मर्यादांशी ताडून बघा.

काठावरचा

ब्लोअर रात्री ११ ते ५ बंद असतो, हे आत्ताच ऑपरेटरला विचारलं. लाइटचं काय? सुरक्षेचा मुद्दा काढला की सगळे गप्प होतात.

वायरमन७

सुरक्षेच्याच भाषेत उत्तर द्या. फ्लडलाइट भिंतीवर बाहेरच्या दिशेने लावला की भिंतीच्या आतल्या पायाशी काळी सावली पडते, आणि डोळे उजेडाला सरावल्यामुळे वॉचमनला तिथे काहीच दिसत नाही. चोराला हवी ती जागा तयार झाली. कॅमेऱ्यालाही समोरून झोत आला की चित्र पांढरं पडतं.

दुसरी गोष्ट साखळीची. पांढऱ्या-निळ्या एलईडीवर किडे जमतात, किड्यांवर पाली आणि बेडूक, बेडकांवर साप. म्हणजे सापाच्या भीतीने लावलेला दिवाच त्याला जेवायला बोलावतो. त्याऐवजी वाटेवर मीटरभर उंचीचे बोलार्ड (दिव्याचे ठेंगणे खांब), उजेड फक्त खाली, २७०० केल्विनचा पिवळसर प्रकाश, चालायला ५ ते १० लक्स (उजेडाचं माप) पुरतात. दर सहा-आठ मीटरला एक. रात्री ११ नंतर निम्मे बंद, बाकीचे सेन्सरवर. सेन्सर घेताना आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) बघा आणि कोन खाली ठेवा, नाहीतर हलणाऱ्या फांद्यांनी रात्रभर चालू-बंद होत राहतो आणि आठ दिवसांत कुणीतरी वायर उपटतो. आधी मोबाइलवरच्या ॲपने लक्स मोजून ठेवा. अचूक नसतं, पण आधी-नंतरची तुलना दाखवायला चालतं.

जुना_सेक्रेटरी

आता कागद. वंचकाच्या घरट्यांपासून, कारण तिथे चूक झाली तर चेअरमन-सेक्रेटरी थेट अडकतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच अंडी आणि घरटी नष्ट करणं येतं. झाडाची फांदी वेगळ्या कायद्यात: महाराष्ट्राचा १९७५ चा नागरी क्षेत्रातील वृक्ष संरक्षण कायदा. मनपाच्या उद्यान विभागाकडे, वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय छाटणी नाही. ठेकेदार "सगळे असंच करतात" म्हणेल, पण नोटीस त्याच्या नावाने येत नाही. वंचक पावसाळ्यात घरटी करतो, म्हणून सप्टेंबरच्या ठरावात "परवानगी घेऊन, घरटी रिकामी झाल्याची खात्री करून, जानेवारी-फेब्रुवारीत, फक्त पार्किंगवर झुकलेल्या फांद्या" असं लिहा. तोवर त्या सहा-आठ गाड्यांना पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये हलवा किंवा वर हिरवी शेडनेट ताणा. जाळी घट्ट ताणलेली हवी. सैल लोंबली की पिल्लं अडकतात आणि मग पुन्हा १९२६.

सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी, आणि विषयपत्रिकेत नसलेला विषय आयत्या वेळी रेटायला देऊ नका. उलटही खरं: तुमचा पर्यायी ठराव नोटीस निघण्याआधी लेखी द्या, पोच घ्या. कमिटीने घातला नाही तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सर्वसाधारण सभा मागता येते. १८० मध्ये ३६ सह्या, ४० घ्या, दोन-चार सही करणारे ऐन वेळी भाडेकरू निघतात. कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातला जो कमी. तुमच्याकडे २० माणसं बसली की सभा चालू, म्हणून स्वतःची माणसं वेळेवर आणा. तहकूब सभेला कोरम लागत नाही, तिथे पाच जणही जेसीबी मंजूर करू शकतात.

पैसा दुरुस्ती-देखभाल निधीतून दाखवा, सिंकिंग फंडाला (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीला) हात नको. आणि चार विषयांचा एक ठराव करू नका. जाळ्या आणि कचराखोलीवर कुणाचा विरोध नसतो, तो आधी मंजूर करून घ्या. मग ब्लोअर २४ तास चालू ठेवणं, एसटीपीचा तिमाही अहवाल नोटीस बोर्डावर. मग बोलार्ड. झाडांचा विषय शेवटी, तोवर निम्मे लोक चहाला गेलेले असतात आणि उरलेले वाचून मत देतात.

एक_मजली

वरच्या उत्तरात एक भर. आधी नोंदणी बघा. पुण्यात "सोसायटी" म्हणतात त्यातल्या बऱ्याच प्रत्यक्षात १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या असतात. तिथे २० चा कोरम, एक पंचमांश सह्या हे काही लागू नाही, तुमच्या घोषणापत्रात आणि उपविधीत जे असेल ते. मतदानही बहुधा फ्लॅटमागे एक नसून अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीवर असतं. तळ्याकडे तोंड असलेले मोठे फ्लॅट कुणाच्या बाजूला आहेत ते आधी मोजा.

काठावरचा

सहकारी नोंदणीच आहे, प्रमाणपत्र पाहिलं. क्लबहाउसच्या तळ्याकडच्या काचेवर पक्षी आपटतात, तेही याच ठरावात घालावं का? ससाण्याचं स्टिकर लावलंय, उपयोग शून्य.

दिवड

स्टिकरच्या बाजूने वळून पक्षी पुढच्या मोकळ्या काचेवर आपटतो. काचेच्या बाहेरून पूर्ण पृष्ठभागावर ठिपके हवेत, उभे-आडवे दर ५ सेंमीला एक. ठिपका सुमारे ६ मिमीचा, प्रतिबिंबावर उठून दिसेल असा. आतून लावले तर प्रतिबिंब वरच राहतं, काम होत नाही. खर्च किरकोळ आहे, ठरावाची गरज नाही, कमिटीच्या अधिकारात बसेल. ठिपक्यांची तयार फिल्म मिळते ती बाहेर लावण्याजोगी आहे का हे दुकानात विचारून घ्या. आतली फिल्म बाहेर लावली तर एका उन्हाळ्यात सोलते.

मैलापाणी

आणि जलपर्णी काढण्याचं श्रमदान कुणी सुचवलं तर तणनाशक नाही हे आधीच लिहून घ्या. तणनाशकाने मेलेली जलपर्णी सडताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे वर येतात. उपसलेली जलपर्णी काठावरच टाकू नका, पहिल्या पावसात परत आत जाते. ती जवळजवळ ९५ टक्के पाणीच असते, त्यामुळे काठापासून दूर पसरून वाळवली तर ट्रकच्या फेऱ्या खूप कमी होतात. आणि मनपाला न कळवता उतरू नका, तळं त्यांच्या ताब्यात आहे.